विधीची मैत्रीण

७ जानेवारी

ही डायरी एका औषध कंपनीने दिलेली. दरवर्षी अशा पाच-सहा येतात आणि मी त्या वाटून टाकतो. यंदा एक ठेवून घेतली. जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही आणि न सांगता डोक्यात ठेवणंही जमेना. घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण शाळा मराठी, म्हणून लिहायला मराठीच हाताला येते. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं असतं, तेव्हा लिहीन.

परवा रविवारी आमच्या जैन स्थानकात प्रवचन होतं. मी पुढच्या रांगांमध्ये बसलो होतो. महाराजसाहेब क्षमेवर बोलत होते आणि माझं चांगलं लक्ष लागलं होतं. अचानक छातीत कुणी मूठ आवळावी तसं झालं. हातांना मुंग्या आल्या, घसा सुकला, भिंती जवळ सरकल्या. मनात एकच आलं, की आपण आता इथे, समाजाच्या सगळ्या लोकांसमोर मरणार. मी उठलो आणि माणसांच्या मधून, अक्षरशः माणसांवरून, बाहेर पळालो. कुणा म्हाताऱ्याची बोटं माझ्या पायाखाली आली. ते ओरडले. प्रवचन थांबलं. सगळे वळून बघत होते, आणि मी, प्रेमराज चोरडिया, जळगावच्या पिंप्राळ्यातल्या मेडिकलचा मालक, दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून रिक्षात बसत होतो.

ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल. हार्टचे डॉक्टर हसले. "शेठ, घोड्यासारखं हृदय आहे. टेन्शन कमी घ्या."

अटॅक निघाला असता तर निदान तोंड दाखवायला जागा राहिली असती. लोक भेटायला आले असते, नारळपाणी आणलं असतं.

१६ जानेवारी

पुन्हा झालं. या वेळी काउंटरवर, गिऱ्हाइकं उभी असताना. इन्सुलिन काढतो म्हणून आत गेलो आणि फ्रिजला कपाळ टेकून उभा राहिलो. बाहेरून कुणीतरी "ओ शेठ, झोपले का?" म्हणून हाका मारत होतं.

आणि मग मी खालचा खण उघडला. त्या गोळ्या मी खालच्या खणात ठेवतो. झोपेच्या, मनाच्या, डोक्याच्या. त्या घेणारी माणसं आली की मी न बोलता वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून देतो आणि ती गेली की मनात म्हणतो, काय कमी आहे हिला, काय कमी आहे याला. कमलबाई मात्र दर महिन्याला भर दुकानात मोठ्याने मागते. मी कागद घेतला की म्हणते, "काय लपाडस रे भाऊ? चोरीन्या शेत का?" चोरीचा माल आहे का, म्हणे! मला तिचा राग येतो.

अल्प्राझोलामची अर्धी गोळी जिभेवर ठेवली. थोड्या वेळात सगळं शांत. म्हणजे मीही आता खालच्या खणाचं गिऱ्हाईक. घरी सांगितलं, गॅस झाला होता.

२ फेब्रुवारी

आज मुलीवर, विधीवर, चिडलो. ती नोव्हेंबरात पुण्याची नोकरी सोडून आली. म्हणे हवा मानवत नाही, पोट बिघडतं. इतकी वर्षं शिकवलं, चांगल्या कंपनीत लागली, आणि आता घरी बसून भिंतीकडे बघते. आज चौथ्या मजल्यावर एका लग्नघरी जायचं होतं, ही लिफ्टमध्ये बसायला तयार नाही. पायऱ्यांनी गेली, आईला सोबत घेऊन. पाण्याची बाटली हातातून सुटत नाही. मी म्हणालो, "लहान आहेस का?" पूनम माझ्याकडे बघत राहिली. माझी बायको हल्ली माझ्याकडे फार बघते.

मीही लिफ्टमध्ये बसलो नाही. पण मी सांगितलं, व्यायाम होतो.

शिंदखेड्याहून स्थळ आलंय. कपड्याचे व्यापारी, घर नावाजलेलं. मुलगा रोनक नाशिकला असतो. पत्रिका उत्तम जुळते असा त्यांचा निरोप आहे. आता घरातल्या कुणाविषयी काही वेडंवाकडं बाहेर जाता कामा नये. स्थानकातल्या प्रकाराबद्दल मी सगळीकडे शुगर कमी झाली होती असं पसरवून ठेवलंय.

११ फेब्रुवारी

अल्प्रा रोज लागायला लागली. त्याचा अर्थ मला कळतो, बावीस वर्षं हेच विकतोय. म्हणून शेवटी धुळ्याला गेलो. जळगावात मनाच्या डॉक्टरकडे मी जिना चढताना दिसलो तर संध्याकाळपर्यंत दाणा बाजारात पोचेल. पूनमला सांगितलं, केमिस्ट असोसिएशनची मीटिंग.

एसटीत दाराजवळची जागा धरली. पारोळ्यापर्यंत घाम. दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून बसलो.

डॉक्टरबाई माझ्यापेक्षा लहान. सगळं ऐकून घेतलं.

"याला पॅनिक अटॅक म्हणतात. नाव तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे. पण हे बायकांना होतं."

"पुरुषांनाही होतं. ते हार्टच्या डॉक्टरांकडे जाऊन बसतात." मग म्हणाल्या, "दुकानाच्या शटरला सायरन आहे?"

"आहे."

"मांजर गेलं तरी कधी वाजतो?"

"वाजतो."

"वाजला म्हणजे चोर आलाच असं नाही. पण आवाज मात्र खराच असतो ना? सगळी गल्ली जागी होते. तुमच्या शरीराचा सायरन असा चोर नसताना वाजतोय. तुम्ही नाटक करत नाही, भित्रेही नाही. आणि यातून माणूस बरा होतो."

भित्रे नाही, हे त्या बोलल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"अल्प्रा किती घेताय?"

"मधूनमधून."

"मधूनमधून म्हणजे?"

"रोज."

त्या रागावल्या नाहीत. ती हळूहळू कमी करायची, एकदम तोडायची नाही. त्याऐवजी एसिटालोप्राम, आधी अर्धी मात्रा, मग पूर्ण. पहिले काही दिवस मळमळ, अस्वस्थपणा. गुण यायला काही आठवडे. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबवायची नाही, त्यानंतरही बरेच महिने चालू ठेवायची. आणि त्यांच्याकडच्या समुपदेशक मॅडमकडे यायचं, कारण गोळी सायरनचा आवाज कमी करते, पण ज्या ज्या जागा मी टाळायला लागलोय तिथे परत मलाच जावं लागेल. हे सगळं पत्रकावर छापलेलं मी हजारदा वाचलंय. कुणी माझ्याशी बोललं नव्हतं.

शेवटी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं काही?"

म्हणालो, "छे. आमच्या घरात असलं कुणालाच नाही."

१३ फेब्रुवारी

गोळी दुकानात ठेवतो, ग्लुकोजच्या डब्यांमागे. घरी नेत नाही. रोज दुपारी कुणी नसताना घेतो. चोरून बिडी ओढणाऱ्या पोरासारखं वाटतं. माझ्याच दुकानात.

२४ फेब्रुवारी

मळमळ थांबली. धुळ्याला दुसरी खेप झाली. मॅडमनी शिकवलं की ते आलं की पळायचं नाही. बसायचं. श्वास नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. स्वतःला सांगायचं, हे चढेल आणि उतरेल, दर वेळी उतरलंय. हसू आलं. पण काल काउंटरवर आलं तेव्हा आत पळालो नाही. कफ सिरपच्या बाटल्या मोजत उभा राहिलो. उतरलं.

पूनम विचारत होती, ही कुठली असोसिएशन, जिची दर पंधरवड्याला धुळ्याला मीटिंग असते. म्हणालो, नवे नियम आलेत. तिने माझा शर्ट धुवायला घेतला आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली.

९ मार्च

बरंच बरं वाटतंय. भूक लागते. आज जेवताना शेवभाजी दोनदा घेतली.

जेवताना विधीने विचारलं, "पप्पा, एक विचारू? माझी पुण्याची मैत्रीण आहे. तिला घाबरल्यासारखं होतं, श्वास अडकतो. तिथल्या डॉक्टरांनी एसिटालोप्राम दिली आहे. चार महिने झाले. आता बरी आहे. पण तिच्या लग्नाचं बघतायत. घेत राहावी का तिने?"

माझ्याच गोळीचं नाव. वाटलं, हिला कळलं. डबा सापडला की काय? पण ती ताटाकडे बघत होती, सहज विचारल्यासारखी. तरी माझी घाबरगुंडी उडालीच, आणि घाबरलो की मी मोठ्याने बोलतो.

म्हणालो, "सांग तिला, बंद कर म्हणावं. सवय लागते. अशा गोळ्या खाणारी पोरगी कोण करून घेणार? आणि असतं काय हे? रिकामपण. कामाला लागलं की सगळं जातं."

विधी म्हणाली, "हं." थोड्या वेळाने म्हणाली, "सांगते तिला."

पूनम अर्ध्या ताटावरून उठली. आत भांडी आपटल्याचा आवाज आला. तिला काय झालं कुणास ठाऊक. मला एवढंच कळत होतं की माझ्यावर संशय येण्याची वेळ टळली. अशा माणसाबद्दल कोण म्हणेल की तो स्वतः तेच घेतो?

दुकानात येऊन आजची गोळी घेतली.

१९ मार्च

विधीला चक्कर येते. डोकं हलवलं की विजेचा झटका बसल्यासारखं होतं म्हणाली. चिडचिड करते, रडते. मी दुकानातून लोहाचं टॉनिक आणि ओआरएस आणून दिलं. ऊन वाढलंय. तिने पाकिटं बघितली, मग मला बघितलं, आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

३० मार्च

शिंदखेड्याची मंडळी येत्या रविवारी बघायला येणार. पूनम म्हणाली, "पुढे ढकला." का, तर म्हणे विधीला बरं नाही. मी म्हणालो, रक्त कमी आहे, टॉनिक चालू आहे, एवढ्याने कुणी स्थळ घालवत नाही.

मी मात्र आज स्थानकात जाऊन आलो. मधल्या रांगेत बसलो. ज्यांच्या बोटांवर पाय दिला होता त्या सुरेशचंदजींनी स्वतःहून विचारलं, "शुगर कशी आहे?" म्हणालो, "कंट्रोलमध्ये." बरं होण्याचीही लाज वाटू शकते.

६ एप्रिल

आज झालं ते क्रमाने लिहितो.

मंडळी अकराला आली. रोनक, त्याचे आईवडील, एक काका. कूलर लावला होता, कैरीचं पन्हं, कच्च्या केळ्याचे वेफर्स, सगळं मांडलेलं. रोनक सभ्य मुलगा. मी व्यापाराच्या गप्पा मारत होतो. विधीला यायला उशीर होत होता. पूनम दारात आली आणि तिने मला डोळ्यांनी बोलावलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

विधी बाथरूमच्या फरशीवर बसली होती. भिंतीला टेकून, बोटं वाकडी झालेली, ओढणी पाण्यात. तोंडाने श्वास घेत होती आणि तो पुरत नव्हता.

"पप्पा, मी मरतेय."

ते वाक्य मला पाठ आहे.

ओल्या फरशीवर नव्या कुडत्यानिशी बसलो. तिचे हात धरले. बर्फासारखे होते. म्हणालो, "मरत नाहीस. बेटा, मला माहीत आहे. छातीत मूठ आवळल्यासारखं होतंय ना? भिंती जवळ येतायत?"

तिने मान हलवली.

"ते चढतं आणि उतरतं. पळू नकोस. माझ्याबरोबर श्वास सोड. घेऊ नकोस, आधी सोड."

आम्ही दोघं तसे बसलो होतो. बाहेरून बशांचा आवाज येत होता. तिचा श्वास हळूहळू लांबला. मग तिने डोळे उघडून मला विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

खोटं बोलायला वेळ होता. पण हात तिच्या हातात होते.

"मला होतं. जानेवारीपासून. धुळ्याला दाखवतो. गोळी घेतो."

"कुठली?"

मी नाव सांगितलं.

तिने हात सोडवून घेतले. मग म्हणाली, "तीच. मैत्रिणीची."

दारात पूनम उभी होती. तिने तोंडावर पदर घेतला.

यानंतर मी जे केलं ते लिहायची सगळ्यात जास्त लाज वाटते. मी उठलो, कुडता बदलला, तोंड पुसलं आणि बाहेर येऊन पाहुण्यांना म्हणालो, "माफ करा. ॲसिडिटी झाली जरा. उन्हाचे दिवस, त्यात उपास केला होता पोरीने."

रोनकची आई म्हणाली, "हल्लीच्या मुलींना काही सोसत नाही."

मी हसलो. "हो ना."

वळलो तर पॅसेजमध्ये विधी उभी होती. तोंड धुतलेलं, केस नीट केलेले, बाहेर यायला निघालेली. तिने माझ्याकडे बघितलं, मागे वळली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

८ एप्रिल

विधी बोलत नाही. पूनम बोलली.

तिला नोव्हेंबरपासून माहीत होतं. पुण्याला ऑफिसच्या लिफ्टमध्ये विधीला पहिल्यांदा झालं होतं. मग बसमध्ये, मग ऑफिसात. मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं. गोळीने बरी होत होती. घरी आली ती बरी होईपर्यंत राहायला.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्ही त्या कमलबाईबद्दल घरी येऊन काय काय बोलता ते पोरीने लहानपणापासून ऐकलंय. तरी तिने मैत्रिणीचं नाव घालून विचारून बघितलं. मी म्हटलं होतं, नको विचारूस. तिला वाटलं, पप्पांचं दुकान आहे, पप्पांना कळतं." थांबून म्हणाली, "दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या गोळ्या फेकून दिल्या."

झटके, चक्कर, चिडचिड. एकदम तोडल्यावर जे होतं ते सगळं. माझ्यासमोर होत होतं आणि मी लोहाचं टॉनिक दिलं.

"आणि तुमचं?" पूनम म्हणाली. "मला वाटलं धुळ्याला तुमचं कुणीतरी आहे. दोन महिने मी कपड्यांचा वास घेतेय." हे म्हणताना ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो. तिने झटकला नाही, पण मागे वळलीही नाही.

११ एप्रिल

दुकान बंद करून घरी आलो तर विधी घराबाहेरच्या ओट्यावर बसली होती. मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

तीच म्हणाली, "मी फक्त एक विचारते. मला बंद कर म्हणालात तेव्हा तुमची गोळी चालू होती?"

"हो."

"बरं वाटत होतं?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं की तिने बरं वाटतं."

मी म्हणालो, "मला भीती वाटली, तुम्हाला माझं कळेल."

"आणि बाथरूममध्ये? तेव्हा मला वाटलं होतं, आता संपलं सगळं. पप्पांना कळलं आणि पप्पा असे शेजारी बसलेत. आणि मग तुम्ही बाहेर जाऊन ॲसिडिटी म्हणालात."

समोरून एक स्कूटर गेली. ओळखीचा होता, त्याने हात केला. मीही केला.

"चुकलो," म्हणालो.

"हो," ती म्हणाली. माफ केलं असं नाही म्हणाली. उठून आत गेली, मग परत आली आणि म्हणाली, "तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या. मी पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. ते म्हणतात, पुन्हा सुरू करायची, पण जवळ कुणालातरी दाखवून."

१५ एप्रिल

विधीने रोनकला स्वतः फोन केला. मला विचारलं नाही. काय झालं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, माझ्या मामेबहिणीला असंच होतं, मला काही वाटत नाही, घरी बोलतो.

आज मध्यस्थांचा निरोप आला. पत्रिका जुळत नाही.

मला वाटलं विधी कोसळेल. तिने वाटीतलं वरण संपवलं आणि म्हणाली, "बरं झालं." खरंच बरं झालं असं तिला वाटलं की नाही, ते मला कळलं नाही. मला तिच्यातलं काय कळतं, हा प्रश्नच आहे.

मला मात्र आधी काय वाटलं ते लिहितो, कारण इथे तरी खरं लिहायचं. आधी वाटलं, आता शिंदखेड्यापासून जळगावपर्यंत सगळीकडे होणार. पोरीचं दुःख त्यानंतर वाटलं.

१९ एप्रिल

विधीला घेऊन धुळ्याला गेलो. ऊन भयंकर. एसटीत आम्ही दोघांनीही दाराजवळची जागा शोधली. एकच रिकामी होती. मी तिला दिली आणि मागे जाऊन उभा राहिलो. मुकटीच्या आसपास मला जरा चढलं. तिने मागे वळून बघितलं आणि हाताने खूण केली, सोडा. मी श्वास सोडला.

दवाखान्यात बसलो होतो. भिंतीकडे तोंड करणार तेवढ्यात "शेठ!" म्हणून हाक आली. ज्ञानेश्वर. एका औषध कंपनीचा प्रतिनिधी, एमआर, बॅग घेऊन डॉक्टरांना भेटायला आलेला. जळगावातलं प्रत्येक मेडिकल याच्या पायाखालचं. दर सोमवारी माझ्याकडे येतो, बातम्या सांगतो.

"तुम्ही इकडे कुठे? कुणाला दाखवायला आणलं?" आणि त्याची नजर विधीवर गेली.

असोसिएशनची मीटिंग जिभेवर आली होती. ती गिळली. म्हणालो, "मलाच दाखवायचंय. पॅनिकचा त्रास आहे. जानेवारीपासून." आवाज जरा मोठा निघाला. शेजारच्या बाईंनी मान वर केली. मग मी घाईने म्हणालो, "ही आपली सोबत आली आहे."

वाटलं, निदान हे तरी बरं केलं. पोरीला झाकलं.

विधी म्हणाली, "सोबत नाही, काका. माझाही नंबर आहे."

ज्ञानेश्वर "असं का, बरं बरं" म्हणाला. बॅगेची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. मी विधीकडे बघू शकलो नाही. लग्नाची पोरगी, आणि जळगावच्या बाजारासमोर तिने ते असं सांगून टाकलं, आणि मी तिला दुसऱ्यांदा लपवायला निघालो होतो.

आतून दवाखान्यातली मुलगी बाहेर आली. "चोरडिया? दोन नावं आहेत. आधी कोण?"

"तुम्ही जा, पप्पा," विधी म्हणाली. "मी बसते इथे. ज्ञानेश्वरकाकांशी बोलते."

मी उठलो. कान तापले होते, आणि हे लिहितानाही ते तापलेलेच आहेत. परवा सोमवार. ज्ञानेश्वर दुकानात येईल. येऊ दे.